दारात ठेवलेली टोपली

कलावंताला एकांत हवा असतो, हे विधान आता इतके सर्वमान्य झाले आहे की, त्याची झाडाझडती घेण्याचे कोणाला सुचत नाही. एकांत मिळतो म्हणजे नेमके काय घडते? एक माणूस दार लावून घेतो आणि त्याच क्षणी दुसरा कोणीतरी दाराबाहेर राहतो. बाहेरच्याने स्वयंपाक केलेला असतो, सरपण फोडलेले असते, लेकरे सांभाळलेली असतात. आत जे लिहून होते त्यावर नाव मात्र आतल्याचे पडते. हा व्यवहार न्याय्य म्हणावा काय, आणि म्हणायचा तर कोणत्या अटीवर? हा प्रश्न मला पुष्कळ दिवस अस्वस्थ करीत आला आहे. त्याला निमित्त झाले ते अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील एका गावाबाहेरची कलावंतांची निवाससंस्था, आणि जिचा काही भाग तिथे बसून लिहिला गेला अशी एक कादंबरी. कादंबरी दोन धर्मगुरूंची आहे. तेव्हा आपल्या वाचकांना ती परकी वाटू नये.

संस्थेचे नाव मॅकडॉवेल. पीटरबरो या छोट्या गावालगत सुमारे ४५० एकरांच्या रानात विखुरलेल्या तीसेक कुटी, मधोमध एक सामाईक जेवणघर, एक ग्रंथालय, असे तिचे रूप आहे. संगीतकार एडवर्ड मॅकडॉवेल आणि त्यांची पत्नी मॅरियन यांनी १८९६ साली इथे एक शेतवाडी घेतली. शहरातील अध्यापनाच्या धकाधकीत जे सुचत नसे ते एडवर्डना या रानातल्या ओंडक्यांच्या कुटीत सुचू लागले. आपल्याला जे लाभले ते इतरांनाही लाभावे, ही इच्छा दोघांनी धरली आणि १९०७ मध्ये संस्था उभी राहिली. परंतु एडवर्डची बुद्धी तोवर आजाराने मालवत चालली होती; १९०८ च्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी ते गेले. मॅरियन त्यानंतर ४८ वर्षे जगली. ती स्वतः उत्तम पियानोवादक होती. पतीच्या रचना वाजवीत ती गावोगाव हिंडली, महिलामंडळांपुढे बोलली, पैसा गोळा केला, कुटी बांधल्या. १९३८ च्या भयंकर वादळाने रान झोपवले तेव्हा ऐंशी ओलांडलेली ही बाई पुन्हा मदत मागायला निघाली. तिच्या स्वतःच्या नावावर मोठी संगीतरचना नाही. मला मात्र असे वाटते की, या संस्थेत निर्माण झालेली सर्वांत मोठी कलाकृती म्हणजे ही संस्थाच होय, आणि तिची कर्ती कुटीबाहेर उभी असलेली ती बाई होय.

तिथला दिनक्रम आपल्या परिचयाचा वाटेल. सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण सर्वांसमवेत. दिवसभर मात्र ज्याने त्याने आपल्या कुटीत राहायचे. बोलावल्याखेरीज कोणी कोणाच्या दारी जायचे नाही. दुपारचे जेवण वेताच्या टोपलीतून येते. आणणारा ती आवाज न करता दारात ठेवून निघून जातो. मॅरियन पतीच्या कुटीशी अशीच शिदोरी ठेवून जात असे, तिचीच ही रीत पुढे चालू राहिली, असे सांगतात. कलावंताकडून राहण्या-जेवण्याचे पैसे घेतले जात नाहीत. निवड होते ती कामाच्या गुणवत्तेवर.

हे वाचताना कार्थुसियन मठ आठवल्याशिवाय राहत नाही. तिथेही व्रतस्थाच्या खोलीशेजारच्या झरोक्यातून अन्न आत सरकवले जाते, आणि आतला व बाहेरचा यांची नजरानजरही होत नाही. परंतु साम्य इथेच संपते. कार्थुसियन व्रतस्थ आयुष्यभरासाठी आत जातो. पुस्तक लिहिलेच तर त्यावर बहुधा नाव घालीत नाही. त्याच्या थडग्यावरच्या क्रुसावरही नाव नसते. मॅकडॉवेलचा कलावंत काही आठवड्यांसाठी येतो, आणि जाताना कुटीतील लाकडी फळीवर आपले नाव व तारीख लिहून जातो. शतकभराच्या नावांनी भरलेल्या या फळ्यांना तिथले लोक गमतीने ‘थडग्याचे दगड’ म्हणतात. एकीकडे नाव नसलेले खरे थडगे, दुसरीकडे नावांनी भरलेले खोटे. मी कलावंताला दोष देत नाही. नाव हे त्याच्या धंद्याचे भांडवल आहे. पण मठाची उपमा अशा संस्थांना फार सैलपणे दिली जाते, म्हणून हा भेद दाखवणे अवश्य वाटले. मठातला एकांत इतरांसाठी प्रार्थना करण्याच्या वचनाने बांधलेला असतो. कलावंताचा एकांत कशाने बांधलेला असतो?

हा प्रश्न केवळ आपल्यासारख्यांच्या चिंतनाचा नाही. तो पीटरबरोच्या नगरप्रशासनाने प्रत्यक्ष न्यायालयात उभा केला. मॅकडॉवेलला धर्मादाय संस्था म्हणून मालमत्ताकरातून सूट होती. गावाचे म्हणणे असे की, या रानाचा लाभ मूठभर कलावंतांना होतो, सर्वसाधारण जनतेला नव्हे. मग सूट कशासाठी? वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २००८ साली निकाल संस्थेच्या बाजूने लागला. कलेला उत्तेजन देणे हे अंतिमतः जनतेचेच हित होय, असा त्याचा आशय. निकाल मला योग्य वाटतो. तरीही गावकऱ्यांची तक्रार मूर्खपणाची होती असे मी म्हणणार नाही. ज्याच्या दारावरून रोज जायचे आणि ज्याच्या आत कधी डोकावायचे नाही, अशा घराबद्दल शेजाऱ्याच्या मनात काही साचत जाणे स्वाभाविक आहे. कायद्याने कर माफ होतो. ते साचलेले माफ होत नाही.

संस्थेला याची जाणीव नव्हती असे नाही. १९६० पासून तिने एक प्रथा पाडली. उन्हाळ्यातील एका दिवशी एखाद्या थोर कलावंताला पदक द्यायचे आणि त्या दिवशी रान सर्वांना खुले करायचे. सकाळी मांडवात भाषणे व पदकदान. मग गवतावर बसून टोपलीतले जेवण. दुपारी निवासी कलावंत आपापल्या कुटीची दारे उघडून उभे राहतात आणि कोणीही आत जाऊन पाहावे, विचारावे. आजवर हे पदक मिळालेल्यांत संगीतकार एरन कोपलँड, कवी रॉबर्ट फ्रॉस्ट, चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ ही नावे आहेत. २०१६ मध्ये ते टोनी मॉरिसन यांना मिळाले, ज्यांनी बालवयातच कॅथलिक धर्म स्वीकारला होता.

या दिवसाचे मोल ठरवताना मी दोन भाग वेगळे करतो. पदकदानाच्या सोहळ्याचे मला विशेष कौतुक नाही. ज्यांना आधीच कीर्ती आहे त्यांना आणखी एक पदक, आणि गावाने टाळ्या वाजवायच्या, एवढाच तो प्रकार. दुपार मात्र निराळी आहे. एखादा शेतकरी, एखादी शाळामास्तरीण, एखादे दहा वर्षांचे पोर अर्धवट रंगवलेल्या कॅनव्हाससमोर उभे राहते आणि ‘हे अजून झाले नाही का?’ असे विचारते, तेव्हा कलावंताला जे उत्तर द्यावे लागते ते कोणत्याही समीक्षकाला द्याव्या लागणाऱ्या उत्तरापेक्षा कठीण असते. प्रदर्शनात आपण पुरी झालेली कृती पाहतो. तिथे कृती मेहनतीच्या वेषात दिसते. खोडलेल्या ओळी, वाळलेले रंग, टेबलावरचा पसारा यांतून पाहणाऱ्याला एवढे कळते की, आत बसलेला माणूसही काम करीत होता, चैन नव्हे. शेजाऱ्याच्या मनातले साचलेले निवळायचे तर ते याच मार्गाने.

आणि तरी एक गोष्ट खटकते. १९१० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे एडवर्डच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, याच रानात एक भव्य प्रसंगनाट्य झाले होते. हार्वर्डचे नाट्यशिक्षक जॉर्ज पियर्स बेकर यांनी ते बसवले, संगीत एडवर्डचे, आणि त्यात गावाचा इतिहास साकारणारे नट होते ते पीटरबरोचेच रहिवासी. गाव तेव्हा रानात आले ते पाहुणे म्हणून नव्हे. त्यांचाच पूर्वेतिहास, त्यांचेच आवाज, आणि कलावंताचे सूर. दार उघडण्याचा हा अर्थ कितीतरी भरीव होता. अर्धशतकानंतर जे दार उघडले त्यातून गाव आत आले ते प्रेक्षक म्हणून. २०२० मध्ये संस्थेने आपल्या नावातून ‘कॉलनी’ हा शब्द गाळला. वसाहतवादाची आणि वगळण्याची छाया त्यावर आहे म्हणून. चांगले केले. पण नाव बदलणे सोपे. १९१० कडे परत जाणे अवघड.

पहिले पदक, १९६० सालचे, थॉर्नटन वाइल्डर यांना मिळाले, आणि इथे योगायोगाने म्हणा, औचित्य साधले गेले. त्यांचे ‘अवर टाउन’ हे १९३८ चे नाटक याच परिसरावर बेतलेले मानतात आणि त्याचा काही भाग त्यांनी इथल्या कुटीत लिहिला. या नाटकात रंगभूमीवर भिंती नाहीत, दारे नाहीत; काही खुर्च्या-टेबले आणि दोन शिड्या. दार उघडण्याचा नुसता अभिनय करायचा. बाळंतपणात मेलेली एमिली एका दिवसापुरती जिवंतांत परत येते, आपल्या बाराव्या वाढदिवसाला, आणि तिला दिसते की, एकाच स्वयंपाकघरात वावरणारी माणसे एकमेकांकडे पाहतच नाहीत. एक दिवससुद्धा तिला सोसवत नाही. गावाबाहेरच्या बंद कुटीतून गावाकडे पाहणाऱ्या माणसाला गाव असे भिंतींवाचून दिसले, ही गोष्ट एकांताच्या बाजूने दिलेली माझ्या मते सर्वांत बळकट साक्ष आहे. न्यायालयापुढे ती ठेवता येण्यासारखी नव्हती, एवढेच.

आता त्या कादंबरीकडे वळतो. विला कॅदर १९२६ च्या उन्हाळ्यात मॅकडॉवेलमध्ये काही काळ राहिल्या. तेव्हा त्या ‘डेथ कम्स फॉर द आर्चबिशप’ लिहीत होत्या. कादंबरी १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यू मेक्सिकोच्या ओसाड मुलखात नवी धर्मप्रांतव्यवस्था उभारणारे फ्रेंच बिशप लातूर आणि त्यांचे बालमित्र फादर वायाँ यांची ही कथा; सांता फेचे पहिले बिशप लामी आणि त्यांचे सहकारी माशबॉफ यांच्या चरित्रांवर ती आधारलेली आहे. लेखिका कॅथलिक नव्हती. ती एपिस्कोपल पंथाची. तरीही मिशनरी जीवनाचा एकाकीपणा, खेचरावरचा प्रवास, वाळवंटात फळझाडे रुजवण्याची हौस, दोन मित्रांच्या स्वभावांतील तफावत हे सारे तिने इतक्या मायेने टिपले आहे की, आपल्यातल्या कोणी असे लिहिले असते तर, असा चुटपुटता विचार मनात येतो. (आपल्या धर्मगुरूंची चरित्रे आपण बहुधा गुणगौरवाच्या सुरात लिहितो आणि मग ती कोणी वाचत नाही, हे जाता जाता.)

या कादंबरीत डिसेंबरमधील एका रात्रीचा प्रसंग आहे. बिशप लातूर यांचे अंतःकरण शुष्क झाले आहे. प्रार्थना शब्दांपुरती उरली आहे. झोप येत नाही म्हणून ते हिमातून चर्चकडे निघतात. वस्त्रागाराच्या दाराशी कोणीतरी अंग चोरून बसलेले दिसते. ती सादा, एका मेक्सिकन स्त्रीचे म्हातारे, पातळ कपड्यांतले, थंडीने कापणारे शरीर. ज्या कुटुंबाकडे ती गुलामासारखी राबते ते कॅथलिकांचे कट्टर द्वेष्टे आहे. एकोणीस वर्षे तिला वेदी पाहायला मिळालेली नाही. मालक झोपले असता ती तबेल्यातून निसटून इथवर आली आहे, आणि चर्चचे दार बंद आहे. बिशप दार उघडतात, तिला आत नेतात, दोघे पवित्र मरियेपुढे गुडघे टेकतात. तिच्या रडण्यात त्यांना आपली हरवलेली भक्ती परत सापडते. आपण दिले असे त्यांना वाटत नाही. मिळाले असे वाटते. ते तिला उबदार झगा पांघरतात, पण तो तिला नेता येणार नाही, मालकांना कळेल. मग ते तिला एक लहानसे रुपेरी पदक देतात, माउलीची प्रतिमा असलेले. ते लपवता येईल.

दार उघडणे म्हणजे काय, याचे यापेक्षा नेमके चित्र मला दुसरे ठाऊक नाही. बाहेरचा माणूस आत येतो आणि आतल्याचे दारिद्र्य फिटते. मॅकडॉवेलचे ते मोठे पदक आणि सादाचे हे लपवायचे पदक मी मनातल्या मनात शेजारी ठेवून पाहतो. पहिले मांडवात, टाळ्यांच्या गजरात दिले जाते. दुसऱ्याला साक्षीदार नाही.

परंतु कॅदर यांच्याशी माझे भांडणही इथेच आहे. ती रात्र सरते आणि सादा आपल्या मालकांच्या घरी परत जाते. बिशप तिला सोडवीत नाहीत. गवगवा होईल, कॅथलिकांना त्रास होईल, अशी व्यवहारी कारणे कादंबरीत आहेत. ऐतिहासिकदृष्ट्या ती खरीही असतील. पण लेखिकेला ती पुरेशी का वाटली? प्रसंगाचे सौंदर्य तिला इतके भावले आहे की, दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे तिने पाठ फिरवली आहे. सादाच्या दुःखाने बिशपांचा आत्मा ओलावला, हे ठीक, सादाचे काय? कादंबरी पुढे निघून जाते, सोनेरी दगडाच्या कॅथीड्रलकडे, बिशपांच्या शांत मृत्यूकडे, आणि आपण वाचकही मुकाट्याने मागोमाग जातो. इतक्या उत्तम पुस्तकातील ही उणीव मला लहान वाटत नाही. एका रात्रीपुरते उघडलेले दार आणि एका दुपारपुरती उघडलेली कुटी यांचा दोष एकच आहे. बाहेरच्याला आत घेतले, पण त्याचे बाहेरचे जगणे होते तिथेच राहिले.

आणखी एका कृतीचा उल्लेख केला पाहिजे, कारण ती आपल्याला टोचणारी आहे. लेनर्ड बर्नस्टाइन हे ज्यू संगीतकार. त्यांनी आपल्या ‘मास’ या नाट्यसंगीताच्या रचनेचे काही काम मॅकडॉवेलमध्ये केले. १९७१ च्या सप्टेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरच्या उद्घाटनाला ती सादर झाली. मिस्साबलिदानाच्या चौकटीत शंका, संताप आणि शेवटी धर्मगुरूच्या हातून फुटणारा कटोरा, असे तिचे स्वरूप असल्याने काही कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी तीव्र नापसंती दर्शवली. पुढे २००० साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या इच्छेवरून ती व्हॅटिकनमध्ये सादर झाली. एका कॅथलिक दाराने तिला बाहेर ठेवले, दुसऱ्याने आत घेतले. मधल्या काळात रचना होती तशीच होती.

एकांताशिवाय साहित्य होतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. मराठी ख्रिस्ती साहित्याचा मानबिंदू असलेली लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ कोणत्याही निवाससंस्थेच्या आश्रयाने लिहिली गेली नाहीत. त्यांच्या पानापानांत संसाराचा धबडगा आहे आणि तोच त्यांचा प्राण आहे. मॅरियनने जर सूर जुळवण्याऐवजी आठवणी लिहायला घेतल्या असत्या तर त्या याच जातीच्या झाल्या असत्या, असे मला उगाच वाटते.

मार्था आणि मरिया यांची कथा शुभवर्तमानात वाचताना आपण मरियेची निवड मान्य करतो आणि घरी येऊन मार्थेने केलेले जेवण जेवतो. मॅकडॉवेलच्या व्यवस्थेत हा ताण अजून शिल्लक आहे, आणि म्हणूनच तो खुला दिवस मला इतका विचारात पाडतो. मी त्या दिवसाचा पुरस्कर्ता आहे. तो वर्षातून एकच असावा याचाही. रोज उघडे राहणारे दार हे बाजाराचे, आणि बाजारात ‘अवर टाउन’ लिहून होत नाही. माझी हरकत उघडलेल्या दारातून काय दाखवले जाते याला आहे. पाहुण्यांना फळ्यांवरची नावे दाखवतात. त्या नावांपैकी प्रत्येकाच्या दारात दुपारी टोपली ठेवून गेलेला हात दाखवीत नाहीत. माझ्या हाती असते तर त्या दिवशी सामाईक जेवणघराच्या भिंतीवर मी आणखी एक कोरी फळी टांगली असती, आणि रांधणारे, वाहून आणणारे, बर्फ उपसणारे, वादळानंतर झाडे उचलणारे अशा सर्वांना, पीटरबरोच्या ज्या घरांतून ते येतात त्या घरांच्या माणसांसमोर, तीवर आपले नाव व तारीख लिहायला लावली असती. सुरुवात मॅरियनच्या नावापासून.